कपाटातली कुपी आणि पुस्तकातला आकडा

वाचकांचे प्रश्न, जाणकारांची उत्तरं. या वेळचा विषय : तातडीच्या आणि अतिदक्षता उपचारांची संदर्भपुस्तकं. आलेली बहुतेक पत्रं रायगड, रत्नागिरी आणि सिंधुदुर्गातली आहेत, म्हणून उत्तरंही तिथला रस्ता, तिथला पाऊस आणि तिथलं औषधाचं कपाट समोर ठेवून दिली आहेत.

प्रश्न : राजापूर तालुक्यात एमबीबीएस वैद्यकीय अधिकारी आहे. रात्री ड्यूटीवर एकटाच असतो. रुग्णालयाच्या निधीतून तीन पुस्तकं घेता येतील. कोणती घेऊ?

उत्तर : तीन पुस्तकांना तीन वेगळी कामं द्या, नाहीतर एकाच कामाची तीन पुस्तकं येऊन पडतील. एक रुग्ण टेबलावर असताना दोन मिनिटांत उघडायचं, एक रुग्ण गेल्यावर किंवा सावरल्यावर शांतपणे वाचायचं आणि एक विषबाधेचं.

शांतपणे वाचायच्या मोठ्या पुस्तकासाठी टिंटिनाली, म्हणजे त्या नावाने ओळखला जाणारा इमर्जन्सी मेडिसिनचा ग्रंथ, घ्या. दोन हजारांवर पानं आहेत, पण एकाच खंडात. प्रकरणं आटोपशीर आणि तक्ते भरपूर, त्यामुळे हवं ते पान सापडतं. रोझेनचा ग्रंथ त्याच तोलाचा, पण दोन खंडांचा. त्यात एखादी गोष्ट का करायची यावर जास्त चर्चा आहे. इमर्जन्सी मेडिसिनचं एमडी करणाऱ्याने तो वाचावाच. एकट्या डॉक्टरच्या रात्रपाळीला मात्र टिंटिनाली जास्त उपयोगी पडतं.

खिशातल्या पुस्तकासाठी ऑक्सफर्डचं इमर्जन्सी मेडिसिनचं हँडबुक. ते ब्रिटिश आहे, म्हणून त्यात साखर आणि क्रिएटिनिन आपल्या लॅबच्या एककात नसतात. आतल्या कव्हरवर पेनाने लिहून ठेवा : ग्लुकोज मिलिमोल गुणिले 18 म्हणजे मिग्रॅ प्रति डेसिलिटर. क्रिएटिनिन मायक्रोमोल भागिले 88.4. बिलिरुबिन मायक्रोमोल भागिले 17.1. मध्यरात्री साखर 3 म्हणजे किती, याचा विचार करत बसायला नको. 3 म्हणजे 54.

तिसरं पुस्तक व्ही. व्ही. पिल्ले यांचं विषशास्त्राचं. परदेशी ग्रंथ चांगले असले तरी बिट्टीच्या बिया, उंदीर मारायची पिवळ्या फॉस्फरसची पेस्ट, धान्यातल्या अॅल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्या यांना आपल्याकडे जेवढं महत्त्व आहे तेवढी जागा तिथे मिळत नाही. पेस्टचंच बघा. पहिल्या दिवशी उलट्या होतात, मग एक-दोन दिवस रुग्ण बरा वाटतो, नातेवाईक घरी न्यायला निघतात आणि त्यानंतर यकृत बसतं. त्या मधल्या बऱ्या दिवसांत डिस्चार्ज देऊ नये, एवढं जरी पुस्तकातून वेळेवर कळलं तरी त्याची किंमत वसूल झाली.

मरिनोचं आयसीयूवरचं पुस्तक का नाही, असं अनेक जण विचारतील. ते सुंदर पुस्तक आहे. ऑक्सिजन पेशीपर्यंत कसा पोचतो, पीप (श्वास सोडल्यावरही व्हेंटिलेटर फुप्फुसात राखतो तो दाब) वाढवला की बीपी का पडतं, हे इतकं सोपं करून फार थोड्यांनी लिहिलंय. पण ते सलग वाचायचं पुस्तक आहे. व्हेंटिलेटर नसलेल्या रुग्णालयात ते चौथं घ्या. आयसीयू असेल तर क्रम बदला : राजेश चावला आणि सुभाष टोडी यांनी संपादित केलेलं आयसीयू प्रोटोकॉल्सचं पुस्तक आधी, कारण ते पायरीपायरीने जातं आणि भारतीय आयसीयू डोळ्यांसमोर ठेवून लिहिलंय. मग मरिनो. मुंबईचे डॉ. फारोख उडवाडिया यांचा क्रिटिकल केअरवरचा ग्रंथ ग्रंथालयात कुठे मिळाला तर धनुर्वात आणि उष्ण प्रदेशातल्या जंतुसंसर्गांवरची प्रकरणं नक्की वाचा.

फुकट मिळणारी दोन पुस्तकं निधीबाहेर जमतील. जागतिक आरोग्य संघटनेचं 2018 चं बेसिक इमर्जन्सी केअर, आणि एमएसएफ, म्हणजे ‘डॉक्टर्स विदाउट बॉर्डर्स’ या संस्थेची क्लिनिकल मार्गदर्शिका. दोन्ही डाऊनलोड करून छापा, स्पायरल करा आणि इमर्जन्सी ट्रॉलीला दोरीने बांधून ठेवा. दोरी लागतेच, नाहीतर पुस्तक ओपीडीत जातं आणि तिथेच राहतं.

एक पान मात्र कुठल्याच पुस्तकात तयार मिळत नाही, ते तुम्हीच करायचं : घाटातल्या प्रवासाचा ऑक्सिजन. बी टाइप सिलिंडरची पाण्याची क्षमता सुमारे 10 लिटर. गेजवर 150 किलो (प्रति चौरस सेंटिमीटर दाब) दिसत असेल तर 10 गुणिले 150, म्हणजे 1,500 लिटर ऑक्सिजन. मिनिटाला 10 लिटर दिला तर 150 मिनिटं, म्हणजे अडीच तास. अणुस्कुरा घाटाने कोल्हापूर गाठायला पावसात तीन तास धरा. एक भरलेला सिलिंडरही पुरत नाही. दरड, ट्रक, टायर यांसाठी दीडपट धरलं तर दोन भरलेले सिलिंडर गाडीत हवेत. गेज 75 वर असेल तर हातात फक्त सव्वा तास आहे. हा हिशोब मोठ्या अक्षरात लिहून रुग्णवाहिकेच्या दाराच्या आतून चिकटवा.

प्रश्न : डेरवणला इंटर्नशिप करते. नव्या आवृत्त्या परवडत नाहीत. मुंबईच्या फूटपाथवर आणि सिनियर मुलांकडे जुन्या मिळतात. किती जुनी चालेल?

उत्तर : वर्षापेक्षा आतलं पान बघा. दुकानात उभ्या उभ्या चार ठिकाणं उघडता येतात.

हृदयक्रिया थांबल्यावरच्या उपचाराचा तक्ता काढा. सरळ रेषेच्या ईसीजीला अॅट्रोपिन द्या असं लिहिलं असेल तर पुस्तक 2010 च्या आधीचं. सुरुवात श्वासनलिका मोकळी करण्यापासून असेल, छाती दाबण्यापासून नसेल, तरीही तेच. अॅड्रेनॅलिनऐवजी व्हॅसोप्रेसिन चालेल असं असेल तर 2015 च्या आधीचं. ही मार्गदर्शक तत्त्वं 2010, 2015, 2020 आणि 2025 अशी दर पाच वर्षांनी बदलत आली आहेत, त्यामुळे हे एक प्रकरण जुन्या पुस्तकातून वाचूच नका.

मग सेप्सिस, म्हणजे जंतुसंसर्गामुळे अवयव निकामी होऊ लागण्याची अवस्था. स्टार्चचं सलाईन सुचवलेलं दिसलं, बीपी वाढवायला पहिली निवड म्हणून डोपामिन दिसलं, किंवा सर्वांना सेंट्रल लाइन (मोठ्या शिरेतली नळी) घालून ठरावीक तासांत ठरावीक आकडे गाठा असं दिसलं, तर प्रकरण कालबाह्य आहे. तिसरं, आयसीयूत साखर 80 ते 110 मध्ये ठेवा असं लिहिलं असेल तर तेही 2009 च्या मोठ्या अभ्यासानंतर मागे पडलं. आता 180 च्या खाली ठेवतात. त्या जुन्या आकड्यामागे धावताना साखर खूप खाली जाऊन रुग्ण दगावण्याचा धोका असतो, म्हणून ही चूक साधी नाही. चौथं, मार लागून रक्तस्राव होणाऱ्या रुग्णाला तीन तासांच्या आत ट्रानेक्झॅमिक अॅसिड, 10 मिनिटांत 1 ग्रॅम आणि पुढच्या आठ तासांत आणखी 1 ग्रॅम. हे नसेल तर पुस्तक 2010 च्या मागचं.

जे जुनं होत नाही तेही भरपूर आहे. ईसीजीचं वाचन, आम्ल-अल्कलीचा हिशोब, छातीत नळी घालायची जागा, निखळलेला खांदा बसवण्याच्या पद्धती, जखम शिवणं. प्रक्रियांवरचं रॉबर्ट्स आणि हेजेसचं जाडजूड पुस्तक दहा-बारा वर्षं जुनं मिळालं तरी घ्या. त्यातली चित्रं आजही तितकीच कामाची आहेत. औषधाचा डोस मात्र प्रत्येक वेळी नव्या ठिकाणी पडताळा.

भारतीय उपखंडासाठी निघणाऱ्या स्वस्त आवृत्त्यांबद्दलही तुम्ही विचारलंय. कागद पातळ, चित्रं कधी कधी काळी-पांढरी, मजकूर साधारण तोच. त्वचेचे डाग आणि डोळ्यांचे फोटो ज्यात महत्त्वाचे आहेत ते पुस्तक सोडलं तर बिनधास्त घ्या.

प्रश्न : लांज्याला खासगी दवाखाना आणि सहा खाटा आहेत. साप-विंचवाचे रुग्ण वर्षभर येतात. अमेरिकी पुस्तकात विंचवावर अर्धं पान, तेही आपल्या अनुभवाशी जुळत नाही. काय वाचू?

उत्तर : जुळत नाही, कारण विंचूच वेगळा आहे. अमेरिकी पुस्तकातला विंचू प्रामुख्याने नसांवर परिणाम करतो : डोळे भिरभिरतात, हातपाय झटकले जातात. आपल्या तांबड्या विंचवाच्या विषाने शरीरात अॅड्रेनॅलिनसारख्या रसायनांचा पूर येतो. आधी दरदरून घाम, उलट्या, हातपाय बर्फासारखे गार, बीपी वाढलेलं. मग हृदय थकतं आणि फुप्फुसात पाणी भरतं. या विषयावरचं जगात मानलं गेलेलं काम आपल्या महाडमध्ये झालंय. डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी 1980 च्या दशकात लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकातून ते मांडलं आणि प्राझोसिन या रक्तवाहिन्या सैल करणाऱ्या औषधाचा वापर रुजवला. 2011 मध्ये बीएमजे या दुसऱ्या नियतकालिकात त्यांचा अभ्यास आला : नुसत्या प्राझोसिनपेक्षा प्राझोसिन आणि विंचवाचं प्रतिविष एकत्र दिलं तर रुग्ण लवकर सावरतो. तो लेख फुकट वाचता येतो. छापून पुस्तकात ठेवा. अमेरिकी अर्ध्या पानाच्या जागी हेच पान हवं.

प्राझोसिन तोंडाने. व्यवहारात मोठ्या माणसाला 500 मायक्रोग्रॅम, लहान मुलाला 250. हातपाय उबदार होईपर्यंत दर तीन तासांनी. 1 मिग्रॅची साधी गोळी असेल तर अर्धी आणि पाव. इथेच चूक होते. बाजारात बीपीसाठी सावकाश विरघळणारी 2.5 आणि 5 मिग्रॅची गोळी सहज मिळते, साधी मिळत नाही. सावकाश विरघळणारी गोळी तोडून किंवा कुटून हा डोस होत नाही. साधी गोळी आधीच मागवून ठेवा. गोळी दिल्यावर रुग्णाला उठवून बसवू नका, लघवीलाही खाटेवरच, कारण पहिल्या डोसनंतर उभं राहिलं की बीपी कोसळतं. उलट्या-घामामुळे पाणी कमी झालं असेल तर ते भरून काढा. अॅट्रोपिन देऊ नका. वादळ आधीच उठलेलं असतं, त्यात आणखी भर पडते.

सापाचंही असंच. अमेरिकी पुस्तकात प्रतिविषाच्या सुरुवातीला चार ते सहा कुप्या असा आकडा दिसेल. तो तिथल्या रॅटलस्नेकसाठी आणि तिथल्या औषधासाठी आहे. आपल्या एएसव्हीत, म्हणजे सापाच्या प्रतिविषात, नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चौघांविरुद्धची द्रव्यं असतात आणि सुरुवातीचा डोस 10 कुप्या. मुलालाही तेवढाच, कारण साप मुलाला विष कमी टोचत नाही. यासाठी जागतिक आरोग्य संघटनेच्या आग्नेय आशिया विभागाची 2016 ची मार्गदर्शिका आणि केंद्र सरकारची सर्पदंशाची प्रमाणित उपचारपद्धती, ही दोन फुकट पुस्तकं कुठल्याही महागड्या ग्रंथापेक्षा तुमच्या कामाची.

तरी पुस्तकात एका ओळीत उरकलेली कृती करताना कुठे बिघडते, ते थोडं जवळून बघू.

रक्त गोठण्याची 20 मिनिटांची चाचणी. 2 मिलि ताजं रक्त, नवी कोरी, कोरडी, काचेची परीक्षानळी. 20 मिनिटं हलवायची नाही, मग एकदाच तिरकी करायची. रक्त वाहिलं तर विष रक्तात आहे. नळी प्लॅस्टिकची असेल किंवा साबणाने धुतलेली असेल तर चांगलं रक्तसुद्धा गोठत नाही, कारण गोठण्याची सुरुवात काचेच्या स्पर्शाने होते आणि साबण तो गुण घालवतो. मग सापाने विष न सोडलेल्या माणसाला 10 कुप्या चढतात. म्हणून शंका आली की शेजारी नातेवाइकाच्या रक्ताची दुसरी नळी ठेवा. ती गोठली नाही तर दोष नळीचा. आणि कुणी पाच-पाच मिनिटांनी नळी उचलून बघत असेल तर त्याला थांबवा.

एएसव्हीची पावडर 10 मिलि डिस्टिल्ड वॉटरमध्ये विरघळवताना कुपी जोरात हलवू नका, फेस होतो आणि औषध फेसात अडकतं. तळहातांत हलकेच फिरवा. दहा कुप्या एकाच माणसाने करायच्या तर वेळ लागतो, दोन जण बसवा. सलाईनमधून साधारण तासाभरात द्या. टेस्ट डोस देऊ नका. जुन्या भारतीय पुस्तकांत तो अजून छापलेला सापडतो. त्यातून कुणाला रिअॅक्शन येईल ते कळत नाही, वेळ जातो आणि कधी त्यानेच रिअॅक्शन येते. खाज, पित्त, घरघर, काहीही दिसलं की ड्रिप थांबवून अॅड्रेनॅलिन 0.5 मिलि मांडीच्या स्नायूत. ते सिरिंजमध्ये आधीच भरून लेबल लावून ठेवलेलं असावं.

रक्त न गोठणाऱ्या रुग्णात पुढची चाचणी सहा तासांनी. यकृताला गोठण्याचे घटक पुन्हा तयार करायला तेवढा वेळ लागतो, म्हणून दोन तासांनी नळी बघून घाईने आणखी कुप्या चढवण्यात अर्थ नाही. मण्यारीचा रुग्ण वेगळा. दंश दुखत नाही, सूज नाही, जमिनीवर झोपलेला माणूस पहाटे पोट दुखतंय म्हणून उठतो आणि पापण्या मिटू लागतात. नागाच्या दंशात निओस्टिग्मिन आणि अॅट्रोपिनने पापण्या उघडू शकतात, मण्यारीत बहुधा नाही, कारण तिचं विष नसांची टोकंच निकामी करतं. तिथे औषधापेक्षा श्वास चालू ठेवणं हाच उपचार. रुग्ण पाठवताना अँब्यू बॅग (हाताने श्वास देण्याची पिशवी) दाबणारा माणूस सोबत द्या.

आणि हिरवा चापडा. त्याच्या दंशाला आपल्या एएसव्हीचा उपयोग नाही. वेदना, सूज, क्वचित रक्तस्राव, यांवर लक्षणांप्रमाणे उपचार. नातेवाईक साप मारून आणतात, ते चांगलं नाही, पण मोबाइलवर लांबून काढलेला फोटो असेल तर मागून घ्या.

प्रश्न : मी खेडमधल्या एका खासगी आयसीयूत स्टाफ नर्स आहे. डॉक्टर पुस्तकातला डोस सांगतात, पण आमच्याकडे औषध वेगळ्या ताकदीचं असतं. सिरिंज पंप दोनच आहेत. आमच्यासाठी एखादं पुस्तक आहे का?

उत्तर : तुमचा प्रश्न या सगळ्या पत्रांत सर्वांत मोलाचा आहे. नर्सिंगच्या क्रिटिकल केअरची चांगली पुस्तकं आहेत. एमएसएफचं औषधांचं पुस्तकही फुकट मिळतं, ते घ्याच. पण तुमची अडचण ज्या पुस्तकाने सुटेल ते तुम्हालाच लिहायचंय : तुमच्या कपाटातल्या प्रत्येक तातडीच्या औषधाचं एक पान. वर अॅम्प्युलवर छापलेली ताकद, खाली ते कसं पातळ करायचं, आणि त्याखाली 40, 50, 60 आणि 70 किलोसाठी आकडे. खरेदीत कंपनी बदलली की लेबल पुन्हा वाचायचं आणि पानावर तारीख घालायची.

बीपी वाढवणाऱ्या नॉरअॅड्रेनॅलिनपासून सुरू करा, कारण सर्वांत जास्त घोळ तिथे होतो. अॅम्प्युलवर कधी क्षाराचं, म्हणजे औषध आणि त्याला जोडलेलं आम्ल मिळून, वजन लिहिलेलं असतं, कधी फक्त मूळ औषधाचं. क्षार 2 मिग्रॅ म्हणजे मूळ औषध सुमारे 1 मिग्रॅ. ही खूणगाठ नसेल तर डोस थेट दुप्पट किंवा निम्मा होतो. मूळ औषधाचे 4 मिग्रॅ 50 मिलिमध्ये केले तर 1 मिलित 80 मायक्रोग्रॅम. 60 किलोच्या रुग्णाला किलोला मिनिटाला 0.1 मायक्रोग्रॅम म्हणजे मिनिटाला 6, तासाला 360. भागिले 80, पंपावर तासाला 4.5 मिलि.

पंप नसेल तर तेच 4 मिग्रॅ 500 मिलिमध्ये. आता 1 मिलित 8 मायक्रोग्रॅम. मिनिटाला 6 मायक्रोग्रॅमसाठी 0.75 मिलि. मायक्रोड्रिप सेटमध्ये 60 थेंबांचा 1 मिलि होतो, म्हणजे मिनिटाला 45 थेंब. मायक्रोड्रिपची सोय हीच की मिनिटाचे थेंब आणि तासाचे मिलि एकच आकडा असतो. साध्या सेटला बहुधा 20 थेंबांचा 1 मिलि. पाकिटावर छापलेलं असतं, ते बघा. दोन्ही सेट शेजारी ठेवलेले असतील आणि रात्री हाताला दुसरा लागला तर औषध तिप्पट जाईल, म्हणून मायक्रोड्रिपचा खणच वेगळा करा. थेंब पूर्ण मिनिटभर मोजा. रुग्णाने हात वाकवला की थेंब बदलतात, त्यामुळे बीपी दर पाच मिनिटांनी.

अॅट्रोपिन. परदेशी पुस्तकं मिलिग्रॅममध्ये सांगतात, आपल्या अॅम्प्युलमध्ये 0.6 मिग्रॅ. फवारणीच्या औषधाची विषबाधा, म्हणजे आंब्याच्या मोहोराच्या दिवसांत बागांतून येणारे रुग्ण. सुरुवात 1.8 ते 3 मिग्रॅ, म्हणजे तीन ते पाच अॅम्प्युल. पाच मिनिटांत छाती कोरडी झाली नाही तर दुप्पट, मग पुन्हा दुप्पट. 3, 6, 12 असं गेलं तर दहा-पंधरा मिनिटांत 21 मिग्रॅ, म्हणजे 35 अॅम्प्युल. खणात दहाच असतील तर रुग्ण औषध संपल्यामुळे जातो. छातीत घरघर नाही, नाडी 80 च्या वर, वरचं बीपी 80 च्या वर, काखेत घाम नाही, तिथे थांबायचं आणि लागलेल्या एकूण डोसच्या 10 ते 20 टक्के दर तासाला ड्रिपने चालू ठेवायचं. बाहुल्या मोठ्या झाल्या म्हणून थांबू नका आणि नाडी आधीच जलद आहे म्हणून सुरुवात टाळू नका. फुप्फुसातलं पाणी हटलं की नाडी उतरूही शकते.

मॅग्नेशियम सल्फेट बहुधा 50 टक्क्यांचं, 2 मिलित 1 ग्रॅम. झटके आलेल्या गरोदर बाईला शिरेतून 4 ग्रॅम : 8 मिलि औषध, 12 मिलि डिस्टिल्ड वॉटर, एकूण 20 मिलि, सावकाश. मग प्रत्येक कुल्ल्यात 5 ग्रॅम. 25 टक्क्यांची अॅम्प्युलही बाजारात येते. ती आली आणि कुणी बघितलं नाही तर डोस निम्माच जातो. पोटॅशियम क्लोराइडच्या 10 मिलि अॅम्प्युलमध्ये 20 मिलिइक्विव्हॅलंट. ते सलाईन आणि डिस्टिल्ड वॉटरच्या अॅम्प्युलजवळ कधीही ठेवू नका, दिसायला सारखंच असतं.

ही पानं तयार झाली की प्रत्येक हिशोब दुसऱ्या नर्सकडून कोऱ्या कागदावर पुन्हा करून घ्या. तुमची वही दाखवून विचारलं तर ती तीच चूक मान्य करेल. मग डॉक्टरांची सही, आणि लॅमिनेशन.

प्रश्न : मालवणला दवाखाना आहे. मच्छीमार आणि पर्यटक, दोन्ही येतात. समुद्रातल्या दंशांवर आणि बुडण्यावर पुस्तकात कुठे बघू?

उत्तर : टिंटिनालीत समुद्री प्राण्यांवर वेगळं प्रकरण आहे, ते पुरेसं आहे. फक्त वाचताना ऑस्ट्रेलियातली औषधं आपल्याकडे आहेत असं धरू नका.

जाळं सोडवताना समुद्रसाप चावला तर दंश बहुधा दुखत नाही. अर्ध्या तासापासून काही तासांत मान आणि हातपाय आखडतात, हलवलं की दुखतात, लघवी कोकमाच्या रंगाची होते. आपल्या एएसव्हीत समुद्रसाप नाही. लघवीचा रंग आणि पोटॅशियम, दोन्हींवर नजर ठेवा. ईसीजीत बदल दिसला तर 10 टक्के कॅल्शियम ग्लुकोनेट 10 मिलि सावकाश द्या आणि डायलिसिस असलेल्या ठिकाणी हलवा. काही लक्षण नसलं तरी एक दिवस ठेवून घ्या.

पाकटाचा किंवा शिंगाळ्याचा काटा लागला तर गरम पाणी, सुमारे 45 अंश, 30 ते 90 मिनिटं. रुग्णाच्या बधिर पायाला अंदाज येत नाही, पाणी आधी स्वतःच्या हाताने बघा. आतमध्ये काट्याचा तुकडा राहिलाय का यासाठी एक्स-रे.

बुडालेल्या माणसासाठी एकच गोष्ट भिंतीवर लिहा : आधी श्वास. तिथे हृदय थांबतं ते ऑक्सिजन संपल्याने, म्हणून फक्त छाती दाबून भागत नाही. पोट दाबून पाणी काढण्यात वेळ जातो, आणि पोटातलं वर येऊन फुप्फुसात जातं.

प्रश्न : लहान मुलांसाठी वेगळं पुस्तक हवं का? (गुहागर)

उत्तर : हो. जागतिक आरोग्य संघटनेचं मुलांच्या रुग्णालयीन उपचारांचं खिशातलं पुस्तक, 2013 ची दुसरी आवृत्ती, फुकट. वजनकाटा मात्र पुस्तकाच्या शेजारी हवाच. लांबीवरून वजन सांगणारी रंगीत पट्टी अमेरिकी मुलांवरून केलेली आहे, आपल्या बारीक मुलांचं वजन ती जास्त सांगू शकते. साखर कमी असलेल्या मुलाला 10 टक्के डेक्स्ट्रोज किलोला 5 मिलि. फक्त 25 टक्क्यांचं असेल तर 20 मिलि घेऊन त्यात 30 मिलि डिस्टिल्ड वॉटर घाला, 10 टक्क्यांचं 50 मिलि तयार होतं.

प्रश्न : पावसाळ्यात पुस्तकांना बुरशी येते, पानं चिकटतात. सगळं मोबाइलवरच ठेवावं का? (चिपळूण)

उत्तर : दोन्ही ठेवा. लाइट गेली, टॉवर गेला की डाऊनलोड केलेली फाइल उघडते, ऑनलाइन पान उघडत नाही, म्हणून फाइल फोनमध्येच उतरवून घ्या आणि विमान मोडवर टाकून ती उघडते का ते जूनच्या आधी एकदा बघा. हातात रक्ताळलेले ग्लोव्ह असताना मात्र लॅमिनेट केलेलं पानच कामाला येतं.

कपाट भिंतीपासून चार बोटं पुढे, आणि बाहेरच्या भिंतीला तर नकोच. पुस्तकं दाटून लावू नका, हवा फिरू द्या. दमट पुस्तक प्लॅस्टिकमध्ये गुंडाळणं सर्वांत वाईट, बुरशी आतच वाढते. सिलिका जेलच्या पिशव्या ठेवल्यात तर रंग बदलला की तापवून पुन्हा वापरा. वाळवीसाठी लाकडी फळीपेक्षा लोखंडी रॅक बरी. 22 जुलै 2021 चा पूर चिपळूणकरांना सांगायला नको. पुस्तकं आणि औषधांची ती हाताने लिहिलेली पानं तळमजल्यावर ठेवू नका, आणि त्या पानांचे फोटो दोन वेगळ्या फोनमध्ये असू द्या.

गुळगुळीत कागदाची पानं भिजली तर ती सुकण्याआधी वेगळी करावी लागतात, एकदा चिकटून सुकली की ओढल्यावर अक्षरं दुसऱ्या पानावर जातात. ओलं असतानाच दर काही पानांत कोरा पांढरा कागद घाला, वर्तमानपत्र नको, शाई उतरते. पुस्तक उभं करून पंख्याखाली ठेवा आणि कागद दर दोन-तीन तासांनी बदला. एका वेळी इतकी पुस्तकं सुकवता येत नसतील तर उरलेली पिशवीत बांधून फ्रीझरमध्ये टाका, बुरशी थांबते, मग एकेक काढून सुकवा. लसींच्या आणि औषधांच्या फ्रीजमध्ये नव्हे, घरच्या.